गरम इंजिनाला दिलेला पीळ

मला वाचता आले ते पहिले दोन शब्द ‘जाहीर निषेध’. बाबा महाडच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि आई, दादा आणि मी ओटीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. शाई ओली असली की बोटं काळी व्हायची. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई विचारायच्या, “काय गं, कोळसे फोडायला गेली होतीस का?” पाण्यासाठी, रस्त्यासाठी, कामावरून काढलेल्या माणसांसाठी, न येणाऱ्या एसटीसाठी, कशाकशासाठी बाबांनी पत्रकं काढली. प्रत्येकाच्या शेवटी एक ठळक ओळ असायची: याला जबाबदार कोण? खाली उत्तर असायचं, नावानिशी आणि हुद्द्यासह. बाबा म्हणायचे, ज्याला नाव लिहायची भीती वाटते त्याने शाई फुकट घालवू नये. मी ते ऐकत वाढले. मला ते वाक्य आजही पटतं, आणि मी हे लिहितेय ते त्याच वाक्यामुळे.

पत्रकं लिहायच्या आधी बाबा गाडी चालवायचे. जुनी पेट्रोल जीप, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या इंजिनाची. महाडहून पोलादपूर, तिथून आंबेनळी चढून महाबळेश्वर, नाहीतर कशेडी ओलांडून खेड. त्या ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. घाट चढायच्या आधी पोलादपुरात थांबायचं, चहा घ्यायचा आणि चहा पोटात गेला की पाना घेऊन गाडीभोवती फेरी मारायची. चाकांचे नट, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, पंख्याचा पट्टा, इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग. जे जे आवळता येतं त्याला एकेक पीळ द्यायचा. त्याला ते घाटाचा पीळ म्हणायचे. पीळ न देता घाटात शिरणारा ड्रायव्हर म्हणजे देवळात चपला घालून जाणारा. त्यात काही चूक नव्हती. खडबडीत रस्त्याने नट खरोखरच ढिले व्हायचे, आणि चाक निखळून दरीत गेलेल्या गाड्या या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बीड कडक असतं. ते तो पीळ पचवायचं.

नव्वदचं दशक संपता संपता व्हॅन आली. उमरठच्या पुढे डोंगराच्या माथ्यावर एक वाडी आहे. गुरं, शेळ्या, थोडी नाचणी, थोडी वरी. तिथलं आजारी माणूस डोलीत घालून सडकेपर्यंत उतरवायचे आणि मग जे वाहन मिळेल त्याची वाट बघत बसायचे. बाबांनी त्यावरही पत्रकं काढली होती. शेवटी मुंबईला असलेल्या गाववाल्यांच्या मंडळाने एक जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन दिली. देखरेख बाबांची, चालवायला दादा. दादाने महाडला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केला होता. गाडी उमरठला सडकेच्या कडेला उभी असायची आणि दादा तिथेच एका घराच्या पडवीत राहायचा. वाडीवरच्या बायका त्याला खर्वस आणून द्यायच्या. तो महाडला आला की आई म्हणायची, “तिकडे काय खातोस रे, गाल बघ कसे झालेत वरच्या आळीतल्या बोक्यासारखे.” तो लाजायचा. त्याच्या आयुष्यात लोकांनी त्याला पहिल्यांदाच मोठं माणूस म्हणून वागवलं होतं.

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. सीट उचलली की तीन प्लग दिसायचे. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. दादाने गाडी आली त्याच आठवड्यात मला ते दाखवलं होतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, उष्णता पटकन बाहेर टाकतं, पण मऊ असतं. प्लग पोलादाचा आणि तो ज्या आट्यांत बसतो ते आटे मऊ धातूत कापलेले. तापलं की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम इंजिनावर प्लग सैल झाल्यासारखा वाटतो. माणूस फसतो तो इथे. ढिला आहे असं समजून पाना मारतो, आणि तो पीळ प्लगला बसत नाही, आट्यांना बसतो. आटे ओढले जातात. वरून काही दिसत नाही.

दादाने हे बाबांना अनेकदा सांगितलं होतं. बाबा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि पोलादपूर आलं की पाना मागायचे.

त्या दिवशी मी गाडीत होते. भाद्रपद संपून ऊन तापायला लागलं होतं, डोंगरावर गवतकापणी सुरू झाली होती. आम्ही महाडहून पत्रकांचे गठ्ठे घेऊन उमरठकडे निघालो होतो. पोलादपूरच्या स्टँडजवळ बाबांनी गाडी थांबवायला लावली. चहा झाला. बाबांनी चाकांचे नट बघितले आणि मग पुढची सीट उचलली. आतून भट्टीसारखी वाफ आली.

“बाबा, ते आता नको,” दादा म्हणाला. “हात लावता येत नाहीये त्याला.”

“म्हणूनच. गरम असताना आवळलं की गार झाल्यावर कायमचं पक्कं.”

“ते बिडाचं. हे हेड वेगळं आहे. किती वेळा सांगू?”

“लोखंड ते लोखंड.”

“हे लोखंड नाहीच आहे!”

टपरीवर बाबांच्या वेळचे दोघेतिघे ड्रायव्हर बसले होते. त्यातला एक ओरडला, “बघा रं, आयटीआय बापाला शिकवतंय!” दुसरा म्हणाला, “थांब, आता पुस्तक काढील. पान बघून नट फिरवतंत हे.” सगळे हसले. बाबाही हसले. दादाचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, “गार होऊ द्या, मी स्वतः बघतो.”

“तुझ्या जन्माआधीपासून घाट चढतोय मी,” बाबा म्हणाले. “एक प्लग कधी सुटला नाही.”

त्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर जास्त मिळतो, आणि तिन्ही प्लगांना पीळ दिला. पहिला घट्ट होता. मधल्याला पाना अडला, आणि मग जरासा मऊ फिरला. दादाने ते पाहिलं. तो पुढे झाला, पण बाबांनी सीट खाली टाकली होती. “चल. माणसं वाट बघतायत.”

दादा मला नंतर म्हणाला की सकाळी इंजिन थंड असताना तो प्लग काढून आटे तपासायचे असं त्याने ठरवलं होतं. थंड इंजिनावरच ते करायचं असतं. त्याचं ते बरोबर होतं. पण सकाळी तो तोंड धूत होता तेव्हाच वाडीवरची माणसं डोली घेऊन धावत उतरली.

पुढचं मी पाहिलं नाही; मी आणि बाबा आदल्या संध्याकाळीच एसटीने महाडला परतलो होतो. मला ते दादाकडून आणि डोलीतल्या बाईच्या नवऱ्याकडून कळलं, आणि दोघांनी सांगितलेल्यात फरक एकाच गोष्टीचा होता.

पहाटे गवत कापताना तिला घोणस चावली होती. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल ती. पाय मांडीपर्यंत सुजला होता. तिला मागच्या सीटवर निजवलं, नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. महाडला न्यायचं होतं, सापाची लस तिथे मिळणार होती. उमरठ सोडून गाडी पोलादपूरच्या अलीकडच्या चढाला लागली आणि सीटखाली बार उडाल्यासारखा आवाज झाला. मधला प्लग आट्यांसकट बाहेर फेकला गेला होता. तो वायरीला लोंबकळत पत्र्यावर आपटत होता, आणि उघड्या भोकातून इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पेट्रोलची वाफ सीटखाली फवारली जात होती. त्या वायरीतून ठिणगी चालूच होती. एक्झॉस्ट तापून लाल. दादाने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

फरक होता तो इथेच. नवरा म्हणायचा, “इंजिन चालू व्हता. फटफट करत व्हता, पण चालू व्हता. आमी आपले रडतखडत गेलो असतो महाडाला. ह्यानं बंद केला.”

दादाने त्या भोकात प्लग पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. तळहात भाजला. धरायला आटेच उरले नव्हते. मग तो रस्त्यात मधोमध उभा राहिला. बऱ्याच वेळाने एक दुधाचा टेम्पो थांबला. ती महाडला पोचली नाही.

गाडी ओढत महाडला आणली. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये दादाने मला बोलावलं आणि प्लग हातावर ठेवला. प्लगच्या आट्यांभोवती ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळली गेली होती, उसाच्या चरकातून निघालेल्या सालीसारखी. हेडमधले आटेच ते. मिस्त्री म्हणाला, “हे गरम असताना आवळलंय कुणीतरी. नळी लावून.” दादाने प्लग परत घेतला आणि खिशात टाकला.

“सांगत का नाहीस?” मी विचारलं. “वाडीवर तुला खुनी म्हणतायत.”

“मी काय सांगू? बापाने मारली म्हणू?”

“जे झालं ते म्हण.”

“बाय,” तो म्हणाला, “हे बाबांनी सांगायला पाहिजे. त्यांना माहीत आहे. त्यांना मिस्त्रीने दाखवलंय.”

हेडचं भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात पोलादी बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली पुंगळी, बसवला. मग दादाने प्लग बसवला आणि मला बघायला लावलं. मी का बघावं हे तेव्हा मला कळलं नाही. कदाचित त्याला निदान एका माणसाला तरी ते नीट दाखवायचं होतं. इंजिन रात्रभर थंड झालेलं. आधी भोकाभोवतीची माती फुंकून काढली, कारण एक खडा आत गेला तर तो आत फिरत सगळं ओरबाडतो. जुन्या आणि नव्या प्लगच्या आट्यांची लांबी बाजूबाजूला धरून बघितली. मग प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा अडकवला आणि त्याने तो भोकात सोडला. आधी उलट फिरवला. आटा आट्यावरून खाली बसला की बारीक टक् असं लागतं, मग सुलट. “वाकडा शिरला तर रबर हातात घसरतं,” तो म्हणाला. “पाना घसरत नाही. पाना चूक रेटतो. म्हणून बोटांनी जेवढा जाईल तेवढा बोटांनीच न्यायचा.” वायसर टेकेपर्यंत बोटांनी. मग पाना, नळी न लावता, नवीन वायसर असेल तर दाबला जाईल एवढाच थोडा फिरवायचा. त्यापुढे हात थांबवायचा. त्याचा भाजलेला हात कापडात गुंडाळलेला होता आणि तो डाव्या हाताने हे सगळं करत होता.

बाबांनी पत्रक काढलं. रस्त्याला खड्डे, तालुक्यात रुग्णवाहिका नाही, डोंगरावरच्या माणसाच्या जिवाला किंमत नाही. खाली ठळक: याला जबाबदार कोण? आणि नावं, हुद्दे. मी घडी घालायला बसले आणि मधल्या परिच्छेदावर अडकले. ‘वाहन अचानक बंद पडल्याने.’ मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता. खड्डे होते. रुग्णवाहिका नव्हती. त्या बाईला डोलीतून डोंगर उतरायला लागणं हाच गुन्हा होता आणि तो करणारे खुर्च्यांवर बसले होते. मी आजही त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. पण ‘अचानक’ म्हणजे काय? आणि त्या यादीत एक नाव कमी होतं. ते बाबांना ठाऊक होतं.

“मी याची घडी घालणार नाही,” मी म्हणाले.

आई म्हणाली, “घडी घाल, भांडण मागाहून कर.”

बाबांनी चष्मा काढला. “काय चुकलंय त्यात?”

“मधला प्लग.”

त्यांनी काचा सदऱ्याला पुसल्या. मग म्हणाले, “एका माणसाचं नाव घातलं की बाकीचे सगळे सुटतात गो. सरकार हात झटकतं. मी हे आयुष्यभर बघतोय. एक प्लग काढून दाखवला की रस्त्याचं कोणी बोलणार नाही.”

हे उत्तर चांगलं होतं. मी त्यावर दिवसभर विचार केला. त्या उत्तरात फक्त दादा कुठे नव्हता.

तेराव्यानंतर वाडीवर देवळासमोर बैठक बसली. मुंबईहून मंडळाचे दोघे आले होते. ठरवायचं एवढंच होतं, गाडीची चावी कोणाकडे ठेवायची. मंडळाचा एक गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाला, “लफडा नको यार. ड्रायव्हर चेंज करू, सिंपल.” तिचा नवरा डोकं भादरलेला, मांडीवर मुलगी घेऊन बसला होता. तो दादाकडे बघत नव्हता. म्हणाला, “माझी काय दुश्मनी नाय. पण ज्यानं चालती गाडी बंद केली त्याच्या गाडीत आता आमचा मानूस बसनार नाय. डोलीच बरी. डोली मधीच थांबत नाय.”

दादा खाली मान घालून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग बाबांकडे. दादाही बाबांकडे बघत होता, डोकं न उचलता, नुसत्या डोळ्यांनी. सगळी वाडी थांबली होती. बाबा उठले. मला वाटलं, सांगणार. ते म्हणाले, “मुलगा तरुण आहे. घाबरला असेल. पण मुख्य प्रश्न रस्त्याचा आहे,” आणि रस्त्याचं बोलू लागले. चांगलं बोलले. ते नेहमीच चांगलं बोलायचे.

मी उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, “पोरी, बस खाली, बाप बोलतोय तुझा.” एका म्हातारीने त्यालाच दटावलं, “बोलू दे रे तिला. तुज्या तोंडाला काय झालाय, मगासपासून विडीच वडतोयस.”

मी सांगितलं. गरम इंजिन, नळी लावलेला पाना, मऊ फिरलेला मधला प्लग. पेट्रोलची वाफ आणि तिच्यात उडणारी ठिणगी. इंजिन चालू ठेवलं असतं तर गाडीतली सगळी माणसं पेटली असती, तिचा नवराही. बंद करणं बरोबर होतं. चूक आदल्या दिवशी झाली होती, पोलादपुरात, चहा प्यायल्यावर. आणि ती कोणी केली हेही मी सांगितलं. नावानिशी.

नवऱ्याने मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग त्याने पहिल्यांदा दादाकडे पाहिलं आणि विचारलं, “जळलो असतो आमी?”

“हो,” दादा म्हणाला.

नवरा उठला, मंडळाच्या माणसाच्या हातातून चावी घेतली आणि दादासमोर ठेवली. बाबांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बाबांना कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांना कोणी काहीच बोललं नाही.

उतरताना पायवाटेवर बाबा माझ्या मागे होते. “घरातलं घरात ठेवायचं असतं,” एवढंच म्हणाले.

“मला तसं शिकवलं नाहीत तुम्ही,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, दादा मोकळा होईल. त्याने चावी घेतली, गाडी चालवली, वाडीची माणसं तिच्यात बसली. त्याने वाडीवरच्या एका जाणत्या माणसाला गाडी शिकवली, प्लग कसा बसवायचा तेही शिकवलं. पण तो घरी यायचा तेव्हा जेवण होईपर्यंत बोलायचा नाही. एकदा मी चिडून म्हणाले, “तुझी बाजू मी वाडीसमोर मांडली. अजून काय हवं तुला?”

“तू मांडलीस,” तो म्हणाला. “मला तुझ्याकडून नको होती.”

शिमगा झाल्यावर त्याने पनवेलकडच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळवलं. आम्ही तिघं रिक्षाने वीर स्टेशनला गेलो. आई आली नाही. बाबांनी दादाची पिशवी मांडीवर घेतली होती आणि रिक्षावाल्याशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होते. फलाटावर ऊन होतं. बाबांनी पाण्याची बाटली भरून आणली. पुन्हा एकदा जाऊन बिस्किटं आणली.

“सांभाळून राहा रे,” बाबा म्हणाले.

“हो.”

“तिकडे गाड्या नव्या असतील सगळ्या.”

“हो,” दादा म्हणाला. “सगळी हेडं ॲल्युमिनियमचीच असतात आता.”

बाबांनी मान हलवली. तोंड उघडलं. रूळ वाजायला लागले होते, लोक पिशव्या उचलत होते. बाबा म्हणाले, “जेवणाचं बघ तिकडे. बाहेरचं खाऊ नकोस.”

दादा चढला. आत बसायला जागा होती, तरी तो दारातच थांबला. गाडी हलली तेव्हाही तो दांडा धरून बाबांच्या तोंडाकडे बघत होता.